समेटाच्या बैठका नंतर, आधी इमारत कुणाच्या मालकीची ते सांगा

दुभंगलेल्या शहराचा विषय निघाला की लगेच शांतता समित्या, सद्भावना रॅल्या आणि हातात हात घेतलेले फोटो पुढे येतात. मला त्याआधी वेगळाच प्रश्न पडतो. पडलेलं शहर पुन्हा बांधलं कुणी, आणि त्याचं भाडं आज कुणाकडे जातं? उत्तर आयर्लंडमधल्या डेरीबद्दल (सरकारी नाव लंडनडेरी) मी इतक्या तळमळीने बोलतो ते यासाठीच.

फॉइल नदीच्या पश्चिमेला बहुसंख्य कॅथलिक, पूर्वेला वॉटरसाइडमध्ये प्रोटेस्टंट वस्ती मोठी. कॅथलिकांपैकी बहुतेकांना आयर्लंडशी एकीकरण हवं, प्रोटेस्टंटांपैकी बहुतेकांना ब्रिटनसोबत राहायचं. ३० जानेवारी १९७२ ला ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. १३ जण त्याच दिवशी गेले, चौदावा नंतर. त्याच काळात आयआरए या ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या सशस्त्र संघटनेच्या बॉम्बनी सतराव्या शतकातल्या तटबंदीच्या आतली बाजारपेठ उद्ध्वस्त केली. तिथे पैसा लावायला कोण येणार?

१९८१ मध्ये इनर सिटी ट्रस्ट उभा राहिला. त्यामागे होता पॅडी डोहर्टी, बॉगसाइड या कॅथलिक वस्तीतला, बांधकामातला माणूस. १९६० मध्ये शहरातले कॅथलिक नेते जॉन ह्यूम यांच्यासोबत पतसंस्था काढणाऱ्यांतही तो होता. दोन बिशप ट्रस्टच्या पाठीशी राहिले: कॅथलिक एडवर्ड डेली आणि प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडचे जेम्स मेहाफी. डेली म्हणजे १९७२ च्या त्या गोळीबारात रक्ताळलेला पांढरा रुमाल हलवत, जखमी पोराला नेणाऱ्यांच्या पुढे वाकून चालणारे पाद्री.

ट्रस्टने ओसाड जागा, मोडकी घरं ताब्यात घेतली. बेरोजगार पोरं त्याच कामावर गवंडीकाम, सुतारकाम शिकली. शिपक्वे स्ट्रीटवरून आत वळलं की क्राफ्ट व्हिलेज लागतं: मधे छोटं अंगण, गवताने शाकारलेलं एक कॉटेज, भोवती दुकानं, वर राहती घरं. कळीची गोष्ट अशी की ट्रस्ट धर्मादाय आहे. भाडं बाहेरच्या बिल्डरच्या खिशात जात नाही, ते पुन्हा शहराच्या कामी येतं. माझ्या लेखी समेटाचा खरा पाया हाच, कारण त्यात कुणाला आपली श्रद्धा किंवा आपलं दुःख बाजूला ठेवायला सांगितलेलं नाही.

२०११ मध्ये युरोपीय निधीतून पीस ब्रिज झाला. सुंदर आहे, लोक वापरतातही. पण पुलाने पगार मिळत नाही. बेरोजगारीत डेरी अजूनही वरच्या क्रमांकांत असते, आणि पश्चिम तीरावरच्या फाउंटन या छोट्या प्रोटेस्टंट वस्तीभोवतीचं कुंपण उभंच आहे. एप्रिल २०१९ मध्ये शहरातल्याच क्रेगन वस्तीतल्या दंगलीत पत्रकार लायरा मकी गोळी लागून गेली. पोटापाण्याचं बघितलं की द्वेष आपोआप संपतो, असा माझा दावा नाही.

तरी १९६५ आठवा. नवं विद्यापीठ डेरीऐवजी कोलरेनला द्यायची शिफारस झाली, तेव्हा ह्यूम आणि शहराचे युनियनिस्ट (ब्रिटनसोबत राहण्याच्या बाजूचे) महापौर एकाच मोर्चात, गाड्यांच्या ताफ्यासह उत्तर आयर्लंडच्या संसदेवर, स्टॉरमाँटवर धडकले. दोन्ही बाजूंचे लोक एका मागणीसाठी रस्त्यावर! सरकारने ऐकलं नाही, आणि ती जखम अजून ओली आहे. डेरीतल्या मॅगी या विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये १०,००० विद्यार्थी आणण्याचं वचन २०२० च्या राजकीय करारात लिहिलेलं आहे. ते पाळायलाच हवं, आणि त्यासाठी लागणारी वसतिगृहं बाहेरच्या कंपन्यांना न देता अशाच स्थानिक ट्रस्टकडे सोपवायला हवीत.