सहा एमएमवाल्या वाचकांना

होडीच्या नांगराला ८ एमएम जाडीच्या कड्यांची साखळी घ्या, असं मी मागे लिहिलं होतं. त्या लेखाखाली एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया टाकलीय. नाव दिलेलं नाही, असो. त्यांचं म्हणणं असं की २२ फुटी शिडाच्या होडीला ८ एमएमची साखळी म्हणजे पैशाचा चुराडा, ६ पुरते. वारा वाढला की साखळी ताठच होते, मग तिच्या वजनाचा उपयोग काय, त्यापेक्षा नांगर मोठा घ्या. दोर-साखळी मिळून ३० मीटर भरपूर झाले. आणि स्टेनलेस स्टीलच्या साखळीबद्दल मी उगाच लोकांना घाबरवतो. इथपर्यंत ठीक होतं हो, पण शेवटचं वाक्य बघा: "लेख अंगणात खुर्ची टाकून चहा पीत लिहिल्यासारखा वाटतो."

तर आधी चहाचं बोलू. साहेब, आमचं घर वाघोटन खाडीवर आहे. अंगणात बसून चहा पितो हे खरंय, पण समोर होडी उभी असते आणि भरती फिरली की ती कुठल्या बाजूला तोंड करते ते कपातला चहा संपायच्या आत कळतं. बाराव्या वर्षापासून नांगर हाताने ओढतोय, विंचबिंच काही नव्हतं तेव्हा. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं तेव्हा तुम्ही कुठे होता माहीत नाही, मी वडिलांबरोबर खाडीत आत होडीवर होतो आणि रात्रभर साखळीवर हात ठेवून बसलो होतो, कारण नांगर सरकायला लागला की साखळी हाताला घरघरते, ते कानाच्या आधी तळव्याला कळतं. आता कोणी म्हणेल ती होडी मासेमारीची, मोठी, तिची साखळी १० ची. मान्य. पण रात्र तीच होती ना?

आणि टीका करा की, कोण नाही म्हणतंय, पण माणूस फुकट लिहितो, रात्री जागून लिहितो, त्याला असं खुर्चीवरून... जाऊ दे.

एक चूक मात्र माझी. ८ एमएमचं वजन मीटरला २ किलो लिहिलं होतं, ते साधारण १.४ हवं, २ च्या पुढे १० ची जाते. दुरुस्त केलंय, आभार. म्हणजे १० मीटर साखळी घेतली तर ८ ची १४ किलो आणि ६ ची ८ किलो. फरक ६ किलोचा, दोन मध्यम कलिंगडं. त्यासाठी एवढं रामायण!

साखळी ताठ होते हे मलाही माहितीय, म्हणूनच तर पुढे नायलॉनचा दोर जोडायला सांगितला, झटका तो खातो. नांगर मोठा घ्या, जरूर घ्या, मी कुठे आडवा आलोय. पण साखळी फक्त वजनासाठी नसते. देवगडच्या बाजूला एकदा जवळजवळ नुसत्या दोरावर नांगर टाकला होता, साखळी जेमतेम २ मीटर, वर वाटलं वाळूच आहे. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा सुटला आणि होडी निघाली की फिरायला! दोर वर ओढला तर टोकाला नांगर नाही, नुसतं दाढीच्या ब्रशसारखं पिंजलेलं शेपूट, आणि त्यात कालवाच्या शिंपलीची कपची अडकलेली. बरोबरचे तांडेलकाका म्हणाले, "दोर तुटलो नाय रे, कालवांनी खाल्लो." आपल्याकडे वाळूच्या शेजारीच खडप, म्हणजे पाण्यातला खडक असते, आणि खडपावर कालवं. तिथे लोखंडच पाहिजे.

मग ६ चं लोखंड का नको? कारण ते नवं असतं तोवरच ६ असतं. खाऱ्या पाण्यात जस्ताचा मुलामा जातो, मग कड्या एकमेकींवर घासून झिजतात, सगळ्यात जास्त नांगराच्या जवळच्या. ६ ची कडी ५ झाली की पोलादाचा छेद ३० टक्क्यांनी कमी झाला, ८ ची ७ झाली तर २३ टक्क्यांनी, आणि उरलेली ७ ची कडी अजून तुमच्या नव्या ६ पेक्षा जाड आहे. हे मी तुटायचा आकडा सांगून सांगत नाहीये, नवी ६ ची साखळीही दीड टनाला तुटत नाही हे मलाही ठाऊक आहे. मी तिसऱ्या पावसाळ्यानंतरच्या साखळीबद्दल बोलतोय.

३० मीटरचं म्हणाल तर सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला ४ मीटर पाणी धरा, उधाणाची भरती वर अडीच, नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची पाण्यापासून उंची १, झाले साडेसात. निवांत दुपारी याच्या चौपट दोर-साखळी सोडून जेवा खुशाल. रात्री झोपायचं तर मी सातपट सोडतो, ५२ च्या पुढे जातं, तुम्ही मोजा. स्टेनलेसवर मागे लिहिलंय: गाळात हवा पोचत नाही तिथे ते गुपचूप खड्डे पडून पोखरतं आणि वरून चकचकीतच दिसतं. शोधून वाचा, परत टाइप करत नाही.

बाकी तुमच्या साखळीला किती वर्षं झाली ते तुम्ही लिहिलंच नाहीत. मे महिन्यात होडी वर काढाल तेव्हा नांगराकडच्या पहिल्या मीटरभर कड्यांना, दोन कड्या जिथे टेकतात तिथे, जाडी मोजायचा व्हर्नियर लावा आणि आकडा इथेच टाका. ५.५ च्या वर भरला तर चहा माझ्याकडून, अंगणातच.