साडेतीन टक्क्यांत चार घरांची इमारत? आधी हिशोब पुरा करा

अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये एफएचए कर्जाबद्दल, म्हणजे सरकारी विमा असलेल्या गृहकर्जाबद्दल, एक संदेश सारखा फिरतोय: 'भाडं भरत बसू नका. एफएचए कर्ज कुणालाही मिळतं. फक्त साडेतीन टक्के भरा, चार घरांची इमारत घ्या, एकात राहा, हप्ता भाडेकरू फेडतील. पैसे कमी पडले तर मित्राकडून घ्या आणि गिफ्ट म्हणून दाखवा.'

'कुणालाही' हे साफ खोटं आहे. २५ मे २०२५ पासून एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना एफएचए कर्ज मिळत नाही. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. आपली बरीच तरुण पोरं याच व्हिसावर असतात. त्यांनी कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी विमा नसलेल्या कर्जाची चौकशी करावी. स्वतः राहणार असाल तर फॅनी मेच्या (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी संस्था) नियमांनुसार नोव्हेंबर २०२३ पासून दोन ते चार घरांच्या इमारतीला ५ टक्के डाउन पेमेंट चालतं.

आता 'फक्त साडेतीन टक्के'. समजा, इमारत ६ लाख डॉलरची आहे. डाउन पेमेंट २१ हजार. क्लोजिंगचा, म्हणजे व्यवहार पूर्ण करतानाचा खर्च ३ टक्के धरला तरी १८ हजार. शिवाय तीन-चार घरांच्या इमारतीसाठी तीन महिन्यांचे हप्ते शिल्लक दाखवावे लागतात. साडेसहा टक्के व्याज, एफएचएचा विमा, घराचा विमा आणि वर्षाला १२ हजार प्रॉपर्टी टॅक्स धरला, तर महिन्याला सुमारे ५,२०० डॉलर जातात. म्हणजे हाताशी ५५ हजार तरी हवेत.

आणि हप्ता भाडेकरू फेडतील? तीन-चार घरांच्या इमारतीला एफएचएची एक कसोटी असते: तुमच्या घरासकट सगळ्या घरांच्या अंदाजित भाड्याचे ७५ टक्के त्या ५,२०० ला पुरले पाहिजेत. दर घरी १,६०० भाडं धरलं तर एकूण ६,४००, त्याचे ७५ टक्के ४,८००. कर्ज नामंजूर! दोन घरांना ही कसोटी लागत नाही, म्हणून पहिल्या खरेदीला मी टू-फॅमिलीच सुचवते.

आमची टू-फॅमिलीच आहे. पहिल्याच जानेवारीत रात्री साडेअकराला वरच्या भाडेकरू ताई अंगावर ब्लँकेट घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या. बॉयलर बंद, त्यांचं बाळ सात महिन्यांचं. नवा बॉयलर साडेसहा हजारांना पडला. त्या महिन्याचं भाडं मागायला माझी जीभ रेटली नाही.

राहिला गिफ्टचा सल्ला. उसने पैसे गिफ्ट म्हणून दाखवणं ही कर्जात केलेली फसवणूक आहे; गिफ्ट लेटरवर, म्हणजे पैसे देणाऱ्याच्या पत्रावर, 'परतफेड नाही' अशी सही असते. आईवडिलांनी खरोखर दिलेले पैसे चालतात. भारतातली एक व्यक्ती आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकते. फक्त त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात आल्याचे कागद जपून ठेवा, बँक ते मागतेच.