ओरिजिनल बुश

चप्पल. माझ्या गाडीच्या गिअरच्या दांड्याखाली चप्पल निघाली. अख्खी नाही, टाचेचा तुकडा. निळी हवाई, मधोमध भोक पाडलेलं, वरून बाइंडिंग तारेचे दोन वेढे. आणि मिस्त्रीच्या बिलावर काय लिहिलंय? 'ओरिजिनल बुश, ६५० रु.' बुश म्हणजे दांड्याच्या बुडाशी घट्ट बसतं ते कडं. बिल सापडलं मला. परवापासून दिवसातून चार वेळा काढून बघतोय, रक्त आटवायला.

परवा नारायणगावहून टोमॅटोची सव्वाशे क्रेट भरून वाशीला निघालो. टाटाचा चारशेसात टेम्पो आहे, २००६ चा. आळेफाटा, ओतूर, मढ, सगळं व्यवस्थित. माळशेजचा उतार लागायच्या आधी तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकायला गेलो आणि दांडा कढीतल्या पळीसारखा गोल फिरायला लागला. गोल फिरला, मग 'कट्' वाजलं आणि जो बसला तो बसला. पुढे नाही, मागे नाही, न्यूट्रल तर नाहीच. आता तिसऱ्यात अडकलेली भरली गाडी घेऊन माळशेज उतरायचा म्हणजे नुसत्या ब्रेकवर. ब्रेकचे लायनर जळल्याचा वास काय असतो ते मला माहितीय, परत घ्यायचा नव्हता. कडेला घेतली, मागच्या चाकांना दगड लावले.

पावसाळ्यात माळशेजला कडेला गाडी लावणं म्हणजे जत्रेत पाळणा लावण्यासारखं आहे. पाच मिनिटांत गर्दी. भिजलेली, अर्ध्या चड्डीतली, हातात मक्याचं कणीस. "काका, गिअर अडकला का?" नाही रे बाळा, धबधबा बघायला थांबलोय. दुसरा म्हणतो, डबल क्लच मारा. अरे, दांडाच जाग्यावर नाही, क्लच डबल मारू नाहीतर चौबल! तिसरा तर फूटबोर्डावर चढून केबिनमध्ये डोकं घालून व्हिडिओ काढत होता. सुचवायला सगळे. टॉर्च धर म्हटलं तर एकाचीही बॅटरी चार्ज नाही.

व्हिडिओवरून आठवलं, आमचे मेहुणे. त्यांनी गेल्या वर्षी ऑटोमॅटिक गाडी घेतली, तेव्हापासून मला जेवताना समजावतात की गिअर ही जुनी गोष्ट झाली. टोमॅटो काय त्यांच्या डिकीतून नेऊ? आणि दुसरे ते, 'भंगारात काढा' म्हणणारे. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाडीची पासिंगची फी वाढवून ठेवलीय, ती भरतो मी दर वर्षी, मुकाट्याने. गाडीचं इंजिन आजही एका चावीत उठतं. गाडीचा दोष नाहीये. दोष हात लावणाऱ्यांचा आहे, आणि त्यात पहिला नंबर त्या पोराचा, ज्याला मी दोन सिझन ड्रायव्हर ठेवला होता. सारखा डावा हात दांड्यावर ठेवून बसायचा, नवरदेवाने कट्यारीवर ठेवावा तसा. किती वेळा ओरडलो, खाली गिअर सरकवणारे फोर्क झिजतात रे, हात स्टिअरिंगवर ठेव! परवा क्लिनरने हळूच दाखवलं की हे सांगताना माझाही हात दांड्यावरच असतो. असो.

तर टूलबॉक्स काढला. दहा-अकरा आहे, चौदा-पंधरा आहे, सोळा-सतरा दोन दोन आहेत, एकोणीसचा रिंग पाना आहे जो मी आयुष्यात वापरलेला नाही. तेराचा नाही. दांड्याच्या खालच्या हाउसिंगला चार बोल्ट, चारही तेराचे. तेराचा पाना कोण नेतो, कुठे जातो, हे शोधायला एखादं खातं काढलं पाहिजे सरकारने. शेवटी कल्याणकडून येणारी एसटी थांबली, ड्रायव्हरसाहेबांनी काही न विचारता बारा-तेरा खिडकीतून काढून दिला आणि वर म्हणाले, "रबर वर घ्या आधी, मग बोल्टला हात लावा." अख्ख्या घाटात कामाचं बोलणारा तो एकच माणूस.

रबर वर घेतलं. चार बोल्ट काढले. आत गुलाबाचं फूल असलेल्या काचेच्या नॉबसकट दांडा उपसून काढला, आणि त्याच्या बुडाशी ती. चप्पल. झिजून कागदाएवढी झालेली. म्हणून दांड्याचं टोक खाचेतून निसटून गिअर सरकवणाऱ्या दोन पट्ट्यांच्या मध्ये जाऊन बसलेलं. क्लिनर वाकून बघत म्हणाला, "मामा, ही तर नऊ नंबरची दिसती."

तिथूनच फोन लावला मिस्त्रीला. रेंज नव्हती, शंभर पावलं चालत मागे गेलो, पावसात, एका हातात चपलेचा तुकडा धरून. काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणतो, "शेठ, दोन वर्षं काढली का नाही चपलेनं?"

काय उत्तर द्यायचं याला?

आणि पुढे म्हणतो, "तुम्हीच म्हणला होता, सिझन चालूय, काहीही घाल पण गाडी सोड." म्हणालो होतो. शब्द न् शब्द आठवला मला. तेव्हाही टोमॅटोच भरले होते, तेव्हाही वाशी गाठायची होती, आणि सिझन संपला की नीट बघू असंही मीच म्हणालो होतो. सिझन त्यानंतर दोन संपले. पण ६५० रुपये? चपलेचे? त्यावर तो म्हणाला, मजुरी धरून. फोन कट.

परत आलो. मोठ्या टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, पट्ट्या एक एक करून न्यूट्रलला आणल्या, खाचा एका रेषेत केल्या. त्याला वीस मिनिटं लागली, आणि याच कामाला मुरबाडचा एक गॅरेजवाला दुसऱ्या दिवशी मला सांगत होता की गिअरबॉक्स उतरवावा लागेल, बारा हजार धरून चला. खाचा जुळल्या, दांडा ठेवायचा, पण बुडाशी घालायचं काय? त्या जुन्या तुकड्यात काही राहिलं नव्हतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता, पातळ पडला. अंधार झाला होता, मागे सव्वाशे क्रेट, पुढे अख्खा घाट. क्लिनर माझ्या पायांकडे बघत होता. मी त्याच्या पायांकडे बघितलं. त्याचे बूट होते.

डावी दिली. ब्लेडने टाच कापली, पाना तापवून भोक पाडलं, तारेचे दोन वेढे. दोन वेढे का, ते आता कळलं, एकाने सरकते. दुसरा गिअर पडला लोण्यासारखा. इतका छान गिअर गेल्या चार वर्षांत पडला नव्हता.

वाशीला उजाडल्यावर पोचलो, वरचा भाव गेला होता. आडत्याने माझ्या अनवाणी डाव्या पायाकडे बघून विचारलं, नवस आहे का काही. होय म्हणालो.

काल स्पेअरच्या दुकानात गेलो होतो. म्हणे नुसतं बुश मिळत नाही, पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल, ती पण ऑर्डर देऊन. मी म्हटलं सिझन संपला की बघू. तेराचे पाने मात्र दोन घेतले, आणि उजवी चप्पल टूलबॉक्समध्ये ठेवलीय.