शिरा निळ्या की हिरव्या? रंग-परीक्षणाच्या मेसेजला धुळ्याहून उत्तर

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या मॅचिंग सेंटरवर बायका साडीची पिशवी घेऊन येतात. यंदा दुसऱ्या हातात मोबाइल असतो आणि त्यात हा मेसेज. बचत गटाच्या ग्रुपवर, कॉलनीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं:

“बस्ता फाडण्याआधी पर्सनल कलर ॲनालिसिस करून घ्या. हे शास्त्र आहे. प्रत्येकीचा एक ‘सीझन’ असतो आणि तो जन्मभर बदलत नाही. मनगटाच्या शिरा निळ्या दिसल्या तर तुम्ही कूल, हिरव्या दिसल्या तर वॉर्म. सोनं शोभतं की चांदी, तेही बघा. फोटो पाठवला तरी रिपोर्ट मिळेल. आपल्या रंगात चेहरा उजळतो आणि चुकीच्या साड्यांवरचा खर्च वाचतो. नवरीचं तरी नक्की करा.”

हे परीक्षण म्हणजे गळ्याशी निरनिराळी कापडं धरून कोणते रंग शोभतात ते ठरवणं. ‘सीझन’ म्हणजे शोभणाऱ्या रंगांचा गट, कूल म्हणजे त्वचेची झाक निळसर-गुलाबी, वॉर्म म्हणजे पिवळसर. फी किती, ते मेसेजात नाही. विचारल्यावर कळतं, आणि ती हजारांत असते. माझं पोट ब्लाउज पीस आणि अस्तर विकण्यावर चालतं, त्यामुळे रंगाला महत्त्व नाही असं मी म्हणणार नाही. पण या मेसेजातली एकेक ओळ घेऊन बोलायला हवं.

“हे शास्त्र आहे.”

अर्धं आहे, आणि ते अर्धं फुकट आहे. शेजारचा रंग बदलला की मूळ रंग वेगळा दिसतो, हे मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली पुस्तक लिहून मांडलं. पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकाम कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. काळा रंग नीट चढत नाही, फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर काळ्या रंगात खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी जे रंग विणले होते, त्यांनी काळ्याचा दम काढून घेतला होता. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. एकाच ताग्यातलं मोतिया कापड राणी कलरच्या काठाशेजारी धरलं आणि मग बॉटल ग्रीनच्या काठाशेजारी धरलं, तर गिऱ्हाईक म्हणतं, “ताई, तुम्ही कापड बदललं.” चेहऱ्याशेजारी कापड आलं की हेच होतं. इथवर माझा वाद नाही.

वाद पुढच्या अर्ध्याशी आहे. योहानेस इटेन हा स्विस चित्रकार १९१९ ते १९२३ जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवायचा. विद्यार्थ्यांना मनाला येतील ते रंग जुळवायला सांगितले की प्रत्येकाची जुळणी वेगळी येते, आणि पुष्कळदा ती त्याच्याच केसांशी, कातडीशी मिळतीजुळती असते, असं त्याने लिहून ठेवलं. हे झालं चित्रकलेच्या वर्गातलं निरीक्षण. अमेरिकेत त्याचा सल्ल्याचा धंदा झाला, आणि १९८० साली कॅरोल जॅक्सन यांच्या पुस्तकाने चार सीझनची वाटणी घरोघर नेली. स्प्रिंग आणि ऑटम वॉर्म, समर आणि विंटर कूल. पुढे चाराचे बारा झाले, काही ठिकाणी सोळा. आता कोरियात फिरायला जाणारे लोकही सोलमध्ये गळ्याखाली कापडं धरून घेतात आणि त्याचे रील आपल्यापर्यंत येतात.

एक निरीक्षण आणि त्यावर उभा राहिलेला धंदा, यांच्या मधे तपासणी लागते. ती अगदीच झाली नाही असं नाही. २०२१ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवून कपड्याचा रंग निवडायला लावला. गोऱ्या चेहऱ्यांसाठी लोकांचा कल निळ्याकडे गेला, उन्हाने रापलेल्यांसाठी लाल-केशरीकडे. म्हणजे त्वचा आणि कपडा यांच्या मेळाबद्दल बघणाऱ्यांचं काहीएक एकमत असतं. पण ते चेहरे युरोपीय वंशाचे होते, आणि ‘तुम्ही सॉफ्ट ऑटम’ असं सांगणाऱ्या वाटणीची ती परीक्षाच नव्हती.

“प्रत्येकीचा एक सीझन असतो.”

१९८०च्या त्या मूळ मांडणीत आफ्रिकी आणि आशियाई वंशाच्या जवळजवळ सगळ्या बायकांना एकाच सीझनमध्ये टाकलं होतं, विंटरमध्ये. नवापूरची, चोपड्याची, चाळीसगावची, सगळ्या एका खणात. कारण उघड आहे. ही वाटणी केस सोनेरी की लालसर की तपकिरी, डोळे निळे की हिरवे, यावर बेतलेली. आपल्याकडे केस काळे आणि डोळे काळे नाहीतर तपकिरी. ते दोन्ही वजा केले की उरते फक्त त्वचा, आणि तिच्यात गव्हाळ, निमगोरी, सावळी, काळीसावळी अशा छटा आपण बोलता बोलता सांगतो.

नंतर चूक लक्षात आली आणि खण वाढवले गेले. पण खण वाढले म्हणून मोजमाप पक्कं होत नाही. शेवटी समोर बसलेली सल्लागार कापड धरते, डोळ्यांनी बघते आणि सांगते. माझ्या एका गिऱ्हाइकाला नाशिकच्या सल्लागार बाईंनी ऑटम सांगितलं आणि ऑनलाइनवालीने विंटर. एकीने काळा रंग बंद करायला लावला, दुसरीने तोच सगळ्यात वर लिहिला. ती माझ्याकडे आली तेव्हा काळंच अस्तर घेऊन गेली, कारण साडी काळी होती.

“जन्मभर बदलत नाही” याला तर दोनच ओळी पुरतील. केस पिकतात, त्यांना मेंदी लागते. कापूस वेचणीचा हंगाम संपल्यावर शेतातून आलेल्या बाईचे हात आणि तिचाच पावसाळ्यातला चेहरा शेजारी ठेवून बघा.

“मनगटाच्या शिरा बघा.”

शिरेतलं रक्त निळंही नसतं आणि हिरवंही नसतं, ते गडद लाल असतं. उजेड कातडीत शिरतो, विखुरतो आणि परत येतो. त्या येण्याजाण्यात शिरेचा रंग तसा भासतो. कातडी किती जाड, शीर किती खोल, वरच्या थरात मेलॅनिन हे रंगद्रव्य किती, यावर तो भास बदलतो. सावळ्या मनगटावर शिरा बहुतेक हिरवट दिसतात, पुष्कळदा दिसतच नाहीत. दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली तर माझ्या, मदतनीस पोरीच्या आणि समोरच्या पानवाल्या भाऊंच्याही शिरा हिरव्या. तिघंही वॉर्म!

“सोनं शोभतं की चांदी, ते बघा.”

हा प्रश्न खान्देशात विचारावा म्हणजे कमाल आहे. जळगाव सोन्याच्या बाजारासाठी नावाजलेलं, आणि लग्नाच्या सोन्यासाठी लांबलांबून लोक तिथे जातात. लहानपणापासून आई, काकू, मावशीच्या गळ्यात पिवळं सोनं बघितलेल्या बाईला आरशात सोनंच शोभणार. इकडे धडगाव-अक्राणीकडच्या आठवडे बाजारात पावरा आणि भिल्ल बायकांच्या अंगावर वजनदार चांदी असते, गळ्यात, हातात, पायात, आणि ती इतकी शोभते की नजर हटत नाही. मेसेजचा हिशोब धरला तर तापीकाठची माणसं वॉर्म आणि सातपुड्यावरची कूल ठरतील. कातडीत असा काही फरक नाही. फरक आहे सवयीत, ऐपतीत आणि रीतीत. सोनं काय भावाने आहे हेही शोभण्यात येतंच, कुणी मान्य करो न करो.

“फोटो पाठवला तरी चालेल.”

सगळ्यात जास्त राग मला या ओळीचा येतो, कारण आमचा सगळा धंदा याच्या उलट अनुभवावर उभा आहे.

मॅचिंग सेंटरवर साडी आली की आम्ही रुबियाचे, म्हणजे ब्लाउजच्या कापडाचे, चारपाच तागे काढतो, पदर उलगडतो, आणि मग साडी-कापड दोन्ही उचलून दाराबाहेर नेतो. उन्हात नाही, ओट्यावरच्या सावलीत. का? तर दोन कापडांना वेगवेगळ्या रसायनांनी रंग दिलेला असतो. ट्यूबलाइटखाली ती तंतोतंत जुळतात आणि दिवसाच्या उजेडात एक आमसुली निघतं, दुसरं कोनफळी. स्वस्त एलईडीच्या उजेडात लाल रंग विशेष मार खातो. हे कापडाचं झालं. त्वचेचा रंगही त्याच उजेडात बघायचा असतो.

आता यात मोबाइल घाला. कॅमेरा प्रत्येक फोटोला पांढरा रंग कुठला असावा याचा अंदाज बांधतो आणि सगळे रंग त्याप्रमाणे सरकवतो. मागे हळदी रंगाची भिंत असली की अंदाज एका बाजूला जातो, हिरवा पडदा असला की दुसऱ्या. त्यात पुढच्या कॅमेऱ्याला ब्यूटी मोड चालू असतो आणि तो त्वचा गुळगुळीत करून वर उजळही करतो. साक्रीकडची एक मावशी परवा असाच फोटो दाखवून विचारत होती, “माले हाऊ रंग चांगला दिखस का?” फोटोतली साडी मोरपंखी. पिशवीतून निघाली ती चिंतामणी. जिथे साडीचाच रंग खरा येत नाही, तिथे त्या फोटोवरून गालाखालचा अंडरटोन (त्वचेची आतली झाक) सांगणाऱ्याला मी नमस्कार करते.

“चेहरा उजळतो.”

गळ्याजवळ फिकं कापड आलं की त्यावरून परतलेला उजेड हनुवटीखाली आणि डोळ्यांखाली पडतो, तिथल्या सावल्या कमी होतात. लग्नात फोटोग्राफरचा पोऱ्या पांढरा रिफ्लेक्टर धरून उभा असतो तो याचसाठी. हे गोऱ्या चेहऱ्याला होतं तसंच सावळ्यालाही होतं. यात वॉर्म-कूलपेक्षा फिकं-गडद जास्त काम करतं, आणि कापड चमकतं की मंद आहे तेही. एकाच डाळिंबी रंगाचं साटन आणि रुबिया गळ्याशी धरून बघा, दोन वेगळे चेहरे दिसतील.

परीक्षणाच्या खुर्चीत काय होतं तेही बघा. केसांना पांढरं फडकं बांधतात, कापडं भराभरा बदलतात, आणि दर वेळी सल्लागार म्हणते, “बघा, आता कसा उजळला!” पैसे दिलेली बाई “हो” म्हणणारच.

पण मला खुपतं ते ‘उजळणं’. परीक्षण करणाऱ्या सगळ्याच काही ते या अर्थाने म्हणत नसतील, पण आपल्याकडे ऐकलं जातं ते गोरं दिसणं असंच. २०२० साली त्या प्रसिद्ध क्रीमला नावातून ‘फेअर’ काढावं लागलं. इच्छा मात्र तशीच राहिली आणि आता ती सीझनचं नाव लावून आली आहे. सावळ्या पोरीने पिवळं घालू नये, लिंबू कलर तिला मारतो, असं आमच्या आज्या सांगायच्या. आता तेच सांगायला रिपोर्ट निघतो आणि त्यावर तिचा फोटो असतो. बरं, हळदीच्या दिवशी सगळा मांडव पिवळा असतो. तिथे कोणती सावळी पोरगी वाईट दिसली, मला एक दाखवा. गडद त्वचेवर लिंबू, शेंदरी, राणी हे रंग जसे पेटून उठतात तसे निमगोऱ्या त्वचेवर उठत नाहीत, हे मी रोज बघते. त्याला ‘मारणं’ म्हणायचं की ‘खुलणं’, हे बघणाऱ्याच्या मनावर आहे.

“चुकीच्या साड्यांवरचा खर्च वाचतो.”

कपाटात पडून राहिलेल्या साड्या बाहेर काढा आणि प्रत्येकीला विचारा, का पडलीस? ब्लाउज आता दंडात बसत नाही. फॉल-पिको राहिलं. सिंथेटिक आहे आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे गेल्यावर अंगाला चिकटते. आणि मोठा ढीग आहेरातल्या साड्यांचा. आहेराची साडी तुम्ही निवडलेलीच नसते. देणाऱ्याने घाऊक घेतलेली, तुमच्या वाट्याला आली. त्यावर कुठलं परीक्षण काय करणार?

शिवाय हे सगळं शर्ट आणि स्कार्फ डोळ्यांपुढे ठेवून बेतलेलं आहे, जिथे गळ्याशी येणारा रंग म्हणजेच कपड्याचा रंग. साडीचं तसं नाही. पाच-साडेपाच मीटर कापडातलं चेहऱ्याजवळ येतं किती? खांद्यावरचा पदर, त्याचा काठ आणि ब्लाउजचा गळा. मधली सगळी साडी कमरेखाली. म्हणून अंगची साडी ‘मारत’ असेल तर साडी टाकायची नसते, ब्लाउज बदलायचा. राखाडी साडीवर राखाडी ब्लाउज घालून आजारी दिसणारी बाई त्याच साडीवर काठातला डाळिंबी उचलून शिवला की सरळ होते. ऐंशी सेंटिमीटर कापड आणि शिलाई एवढाच खर्च. यात माझा फायदा आहे, लपवत नाही. पण परीक्षणाच्या फीत अशी कापडं ढीगभर येतील.

कॅमेऱ्यासमोर रोज उभं राहणाऱ्यांनी किंवा हौसेला पैसे आहेत त्यांनी खुशाल करावं. तासभर आरशासमोर बसून कुणीतरी फक्त आपल्याकडे बघतंय, यातही सुख असतं.

“नवरीचं तरी नक्की करा.”

नवरीच्या रंगाचा निर्णय नवरीकडे असतो कुठे? शालू सासरकडून येतो. बस्त्याला सुरतला दोन्हीकडची मंडळी जातात, दुकानदार गादीवर साड्यांचा डोंगर करतो, आणि आत्याबाईंना आवडलेला रंग ठरतो. वर मेकअपवाली चेहऱ्याचा रंगच बदलते आणि अल्बमवाला उरलेलं पूर्ण करतो. सीझनचा रिपोर्ट घेऊन गेलेली पोरगी तिथे फार तर भांडण करून येईल.

तिच्यासाठी एवढंच: आवडलेल्या दोनतीन साड्यांचे पदर घेऊन दुकानाच्या दारात सावलीत उभं राहायचं, तोंड धुतलेलं, ब्यूटी मोड बंद. पदर खांद्यावर टाकायचा आणि आरशात आधी चेहरा बघायचा, मग साडी. नजर पहिल्यांदा साडीवर जात असेल तर दुसरा पदर. दारापर्यंत साडी नेऊ देत नाही असं दुकानदार म्हणाला, तर सुरतेत दुकानं पुष्कळ आहेत.