ओर्तेगांचं अर्धंच वाक्य
एका लेखात स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांचं ‘मी म्हणजे मी आणि माझी परिस्थिती’ एवढंच वाक्य देऊन त्यांना परिस्थितीशरण ठरवलंय. हे चूक आहे. १९१४च्या मूळ वाक्यात पुढे येतं: तिला (म्हणजे परिस्थितीला) वाचवलं नाही, तर मीही वाचत नाही. हा तुकडा गाळला की स्वातंत्र्यच गळतं!

‘माणसाला प्रकृती (म्हणजे आधीच ठरलेलं स्वरूप) नसते, इतिहास असतो’ या त्यांच्याच वाक्याचाही अर्थ ‘वाट्टेल ते होता येतं’ असा कृपया लावू नका. दगडाला दगडपण आयतं मिळतं. माणसाला पुढच्या क्षणी काय करायचं ते ठरवावंच लागतं. पण सरंजामशाही जगून झालेला युरोप ती पुन्हा कोऱ्या मनाने जगू शकत नाही. ‘होऊन गेलेली’ म्हणून ती त्याच्यात उरतेच, आणि पुढची निवड तिच्यासकट करावी लागते.