आधी तिला वाचू द्या

बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या आमच्या घराण्याचा जो ग्रुप आहे, त्यावर गेले काही आठवडे एकाच विषयावरून रण माजलं आहे. माझी भाची आयेल्ट्सला, म्हणजे परदेशी शिकायला जाण्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेला, बसते आहे आणि सराव परीक्षेत तिला रीडिंगमध्ये नवापैकी साडेपाच बँड आले. अण्णाकाकांनी निकाल देऊन टाकला: पोरीला गुजराती माध्यमात घातलं तिथेच घोडं पेंड खाल्लं. तिच्या बाबांना, म्हणजे माझ्या दादाला, वाटतं की शब्द कमी पडतात. क्लासवाल्यांनी दिलेली तीन हजार कठीण शब्दांची पुस्तिका ती रोज पहाटे घोकते, आता दुसरी आणली आहे. मी मध्ये पडले की एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या या दोघांचं एकमत होतं: "तू तिथे बसून शिकवू नकोस."

मी इथे बसूनच सांगणार आहे. इंग्रजी येतं पण वाचता येत नाही, अशा माणसांचं काय होतं ते मला इथे कॅनडात, मिसिसागात, दर आठवड्याला दिसतं.

भाचीकडून मी तो पेपर मागवून घेतला आणि आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर एकेक प्रश्न घेऊन बसलो. उतारा शहरातल्या मधमाशीपालनाचा होता. गच्चीवर पेट्या ठेवणारे लोक वाढले आहेत. काही अभ्यासकांना भीती वाटते की पाळीव माश्या फार झाल्या तर रानमाश्यांना फुलं पुरणार नाहीत. खाली विधान होतं की पाळीव माश्यांमुळे शहरातल्या रानमाश्या कमी झाल्या आहेत. भाचीने 'ट्रू' लिहिलं होतं. कुठे लिहिलंय, असं मी विचारल्यावर तिने त्या वाक्यावर पेन्सिल ठेवून ते वाचून दाखवलं. उच्चार स्वच्छ, प्रत्येक शब्दाचा अर्थ पाठ. "भीती वाटते म्हणजे कमी झाल्याच असणार ना, आत्या?" उत्तर 'नॉट गिव्हन' होतं, म्हणजे उताऱ्यात तसं काही सांगितलेलंच नाही. अभ्यासकाने भीतीपर्यंत जाऊन हात आखडता घेतला होता आणि पुढचं तिने आपल्या मनाने पुरं केलं होतं. पाच-सहा प्रश्न असेच गेले. त्यातला एकही प्रश्न शब्द अडला म्हणून चुकला नव्हता. अ‍ॅकॅडेमिक रीडिंगला ६० मिनिटांत ३ उतारे आणि ४० प्रश्न असतात. शब्द आठवत आठवत वाचणाऱ्या मुलीचा दम दुसऱ्या उताऱ्यातच उखडतो.

मी शब्दांच्या विरुद्ध आहे असा दादाचा आरोप आहे, म्हणून आकडे देते. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी. आणि तिथवर पोचायला ८ ते ९ हजार शब्दकुळं लागतात. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याच्या पोटातली सगळी रूपं. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठातल्या लिखाणात सारखे येणारे शब्द वेगळे काढले, ती यादी ५७० कुळांची आहे. भाचीच्या पुस्तिकेत मी ते शोधले. निम्मेशिम्मे सापडले, तेही भलत्याच क्रमाने, आणि मध्ये असे शब्द कोंबलेले की इथे जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडीही ते येत नाहीत. आठ-नऊ हजार कुळं पहाटे उठून पाठ होत नसतात, दादा. एकच शब्द दहा वेगवेगळ्या वाक्यांत भेटावा लागतो, तो कुणाच्या शेजारी बसतो ते दिसावं लागतं, तेव्हा कुठे तो आपला होतो.

हे शहाणपण परदेशातून आलेलं आहे असंही समजू नका. मायकल वेस्ट हे शिक्षणखात्यातले इंग्रज गृहस्थ ढाक्याला होते. बंगालमधल्या मुलांना शिकवताना त्यांच्या लक्षात आलं की या मुलांना इंग्रजीची खरी गरज वाचण्यापुरती आहे, आणि १९२६ मध्ये त्यांनी ते पुस्तकरूपाने मांडलं. त्यातूनच त्यांची वाचनमाला निघाली. शब्द मोजके, आणि नवा शब्द आला की पुढच्या ओळींत तो पुन्हा पुन्हा येणार. त्यांची सुमारे २ हजार शब्दांची यादी १९५३ मध्ये छापली गेली आणि जगभर वापरली गेली. यादी करणाऱ्या माणसाने ती वाचनासाठी केली होती. आमच्याकडे यादी उरली आणि वाचन गेलं.

शनिवारी मी लायब्ररीत नव्याने आलेल्यांना मदत करायला जाते. गेल्या हिवाळ्यात एक मुलगा आला, आपल्याच बाजूचा, आणंदकडचा. सीएलबी ९, म्हणजे कॅनडाच्या भाषेच्या मापात वरची पातळी, घेऊन आलेला. तो भाड्याने राहत होता त्या बेसमेंटच्या मालकिणीने त्याच्या हातात एन-१२, म्हणजे घर रिकामं करा असं सांगणारा नोटिशीचा फॉर्म, ठेवला होता. पहिल्या पानावरची तारीख वाचून त्याने सामान बांधायला घेतलं होतं, आणि माझ्याकडे आला तो स्वस्त स्टोरेज कुठे मिळेल हे विचारायला. त्याच फॉर्मवर पुढे साध्या इंग्रजीत लिहिलेलं असतं की कारण मान्य नसेल तर घर सोडायची सक्ती नाही, मालकाला घरमालक-भाडेकरूंचे वाद ऐकणाऱ्या बोर्डाकडे जावं लागेल. मी काहीच सांगितलं नाही. फॉर्म त्याच्याकडे सरकवला आणि म्हटलं, मोठ्याने वाच. पहिल्यांदा तो भराभर वाचून गेला. दुसऱ्यांदा 'जर'पाशी थांबला, मागे गेला, तेच वाक्य पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे मला निघावं लागणार नाही?" परीक्षेत तो आमच्या भाचीच्या कितीतरी पुढे होता. घर मात्र भर जानेवारीत सोडून देणार होता.

अण्णाकाकांच्या माध्यमाच्या मुद्द्यावर तर माझं डोकंच फिरतं. इंग्रजी माध्यमातून आलेली, फाडफाड बोलणारी मुलंही माझ्यासमोर बसतात आणि तीन ओळींच्या वाक्यात हरवतात. उलट ज्याने गुजरातीत किंवा मराठीत ठोक वाचन केलं आहे, त्याला लेखकाचा कल ओळखायची सवय असते. ती सवय भाषा बदलली म्हणून जात नाही. अण्णाकाका, तुम्ही स्वतः मराठी शाळेतले. बँकेतली इंग्रजी परिपत्रकं तुमच्याइतकी नेटकी कुणी लावत नसे, हे साऱ्या खारीवाव रोडला माहीत आहे. ते तुम्हाला कुठल्या पुस्तिकेने शिकवलं?

आणि हे बडोद्याच्या माणसांना सांगावं लागतं याचा त्रास जास्त होतो. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळालं नाही तर शिक्षण वाया जाईल म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला. गावाने एक तृतीयांश पैसे उभे करायचे, प्रांत पंचायतीने तेवढेच, सरकारने तेवढेच, अशी गावोगाव वाचनालयं निघाली. जिथे तेही जमलं नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं जात. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत बाबा मला घेऊन जायचे. लोखंडी मांडण्यांमधून काचेच्या जमिनीवर चालताना खालच्या मजल्यावरची माणसं अंधूक दिसायची, मी पाय उचलून उचलून टाकायची. तिथली मराठी पुस्तकं वाचून मी मोठी झाले, आणि इथे पहिल्या नोकरीत पन्नास पानी धोरणपत्र हातात आलं तेव्हा तेच वाचन माझ्या उपयोगी पडलं. भाची त्या इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर राहते. ती आत कधी गेलेली नाही.

इथे पोराचा दात पडायच्या आत त्याचं लायब्ररी कार्ड निघतं. माझ्या शेजारची चौथीतली मुलगी फ्रेंच इमर्शनला, म्हणजे फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गाला, जाते, घरी पंजाबी बोलते, आणि उन्हाळ्यात इंग्रजी पुस्तकांची चळत घेऊन पोर्चवर बसते. माध्यमावरून तिच्या घरात कुणी कुणाचं डोकं खात नाही. अण्णाकाका लगेच क्युबेकचं, म्हणजे इथल्या फ्रेंचभाषक प्रांताचं, नाव काढतात. क्युबेक वेगळा विषय आहे, मी ओंटारियो प्रांतातल्या माझ्या गल्लीबद्दल बोलते आहे.

"तुला काय फरक पडतो?" असं दादाने परवा विचारलं. पडतो. इथे ऑफिसात महत्त्वाची पत्रं माझ्या नजरेखालून जातात, माझ्या इंग्रजीचं कौतुक होतं, सगळे सौजन्याने वागतात. पण इतक्या वर्षांत कुणी मला "तू बोलू नकोस" असं म्हटलेलं नाही. तसं म्हणायला घरचं माणूस लागतं. ग्रुपवर माझ्या अंगावर येता तेव्हा राग येतो, आणि दोन दिवस कुणी काही बोललं नाही की फोन उलटसुलट करून बघते.

दुसरीही गोष्ट आहे, ती ग्रुपवर लिहिता आली नाही. भाचीला सात मिळाले की ती निघेल. मग त्या घरात दादा-वहिनी दोघंच. त्या घरातून पहिली बाहेर पडलेली मी, तिला थांब म्हणायचा मला अधिकार नाही. ती इथे यावी असं मला मनापासून वाटतं आणि तितकंच मनापासून वाटतं की तिने येऊ नये. एजंटने तिला कॉलेजचं जे पत्र आणून दिलं आहे ते तिने अजून पूर्ण वाचलेलं नाही. फी परत कधी मिळते, त्या कोर्सवर पुढे वर्क परमिट मिळतं का, हे सगळं तिला एजंटने तोंडी सांगितलं आहे.

म्हणून दादा, परीक्षा दोन महिने पुढे ढकल. तारीख बदलायची फी मी भरते. दोन्ही पुस्तिका कपाटात टाक. सोमवारी तिला सेंट्रल लायब्ररीचं कार्ड काढून दे, आणि रोज संध्याकाळी अण्णाकाकांसमोर बसून तिने एक अग्रलेख वाचावा, एक दिवस इंग्रजी, एक दिवस गुजराती. काकांनी फक्त दोन प्रश्न विचारायचे: लिहिणारा काय म्हणाला, आणि काय म्हणाला नाही. कॉलेजचं पत्र ती मला रविवारी वाचून दाखवणार आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या अटीपर्यंत. यायचं की नाही ते तिने त्यानंतर ठरवावं.