‘एकच पाटील’ म्हणणाऱ्या निपाणीकरांना

निळू फुल्यांवरच्या माझ्या लेखाखाली निपाणीच्या ‘एक रसिक’ यांनी जी प्रतिक्रिया टाकलीय, तिला दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण ‘बेळगावात बसून पुण्याच्या नटाची आरती कशाला ओवाळता’ अशी सुरुवात करणाऱ्याला दोन ओळी पुरत नाहीत.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ‘सामना’ चित्रपटाचं साल मी १९७४ लिहिलं, ते चूक. फुल्यांनी जन्मभर एकच पाटील रंगवला, तिरका डोळा आणि घोगरा आवाज. त्या नजरेवर थिएटरात शिट्ट्या पडायच्या, बाईवरच्या जुलमाची करमणूक झाली, त्यावर लेखात अवाक्षर नाही. आणि सीमाभागातल्या नटांवर लिहायला लेखणी का झिजते?

साल चुकलं. १९७५ पाहिजे. दुरुस्त केलंय, आभार. ‘एवढंही ठाऊक नसेल तर’ हे शेपूट लावायची गरज नव्हती, असो.

आता ‘एकच पाटील’. अहो, १९७२ सालचा ‘सखाराम बाइंडर’ पाटील आहे काय? पुस्तकं बांधणारा, जन्मानं ब्राह्मण, चिलीम ओढणारा, मृदंग वाजवणारा माणूस तो. वाडा नाही, गडी नाही, गादी नाही. धाक दाखवायचा तो नुसत्या तोंडानं आणि अंगानं. नाटकावर बंदी आली, प्रकरण हायकोर्टात गेलं. ‘सिंहासन’ चित्रपटातला दिगू टिपणीस तर त्याहून उलटा. तो पत्रकार, सत्तेच्या कडेला उभा राहून ऐकणारा. तिथं फुल्यांनी नजर तिरकी केली नाही, थकवली. शेवटी रस्त्यावर त्याचं जे हसू फुटतं, ते पाटलाच्या हसण्याच्या मापानं मोजून दाखवा.

बरं, खऱ्या पाटलाकडं या. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे-पाटील साखर कारखान्याचा धनी. संकेश्वर-चिकोडीच्या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको. पहिल्या भागात तो कुणावर आवाज चढवत नाही. दारुड्या मास्तराचा पाहुणचार करतो, खाऊपिऊ घालतो. उपकार करून माणूस विकत घेण्याची ती रीत. मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न मास्तर पुन्हापुन्हा विचारू लागल्यावर तीच मवाळी आतून तडकत जाते. समोर मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू, मोठ्या आवाक्याचे नट. त्यांच्यापुढं ओरडला असता तर हिंदुराव तिथंच संपला असता. ‘एक गाव बारा भानगडी’तल्या (१९६८) फुल्यांशेजारी हा हिंदुराव ठेवून बघा, मग ‘एकच’ म्हणा.

आणि तो ‘घोगरा आवाज’. हौशी नाटकांचे माइक वीस-बावीस वर्षं सांभाळतोय, तेव्हा आवाजाबद्दल निदान मला शिकवू नका. आपल्याकडं जत्रेच्या नाटकात पाटील करणारी पोरं नेमकी इथं फसतात. घसा आवळून खरखर काढतात. दुसऱ्या अंकात आवाज बसतो, तिसऱ्यात पाटील खोकत असतो. फुल्यांचा आवाज खालच्या पट्टीत होता, पण श्वास पोटातून यायचा. म्हणून शब्द सुटे ऐकू यायचे, वाक्याचा शेवटचा शब्द गिळला जात नसे. पोरं पट्टी उचलतात, श्वास विसरतात. त्यात माइक वरून टांगलेले; त्यांना पात्राच्या तोंडाआधी जनरेटर ऐकू येतो. हळू बोललेलं मागच्या रांगेला पोचत नाही, की लगेच पाटील बोंबलायला लागतो, आणि बोंबलला की त्याचा फौजदार होतो. स्टेजच्या कडेला दोन-तीन माइक स्पंजावर ठेवा, म्हणजे पावलांचे धपके येत नाहीत. पाटलाला मधल्या माइकापासून चार पावलांत उभा करा. मग तो हळू बोलू शकतो.

नजरेचंही तसंच. फुले आधी बघायचे, थांबायचे, मग बोलायचे. नकलाकार बघतो आणि बोलतो एकदमच, मधली जागा खाऊन टाकतो. ही जागा लोकनाट्यातून आली. ‘कथा अकलेच्या कांद्याची’सारख्या खेळात प्रेक्षकाचं हसू संपायच्या आत पुढचं वाक्य टाकलं तर ते वाया जातं, आणि पूर्ण संपू दिलं तर रंग उतरतो. राष्ट्र सेवादलाच्या कलापथकात घडलेल्या माणसाला हे माप अंगवळणी पडलेलं. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणाऱ्या माणसानं हे कुठल्या शाळेत शिकलं नव्हतं. तुम्ही त्याला ‘साचा’ म्हणता. म्हणा.

शिट्ट्यांचा मुद्दा. शिट्ट्या प्रेक्षक मारतो, नट नाही. एवढंच.

सीमाभागातल्या नटांची यादी पाठवा, नाव, गाव, नाटकासकट. लिहीन. फक्त पुढच्या वेळी तुमचंही नाव टाका. ‘एक रसिक’ निपाणीत बरेच असतील, उत्तर कुणाच्या पत्त्यावर धाडायचं?